बदलाचे गीत लिहिताना 'आम्ही' म्हणावे की 'आपण'?

सक्करदऱ्याचा गीतकार

नमस्कार मंडळी. मी नागपुरात राहतो आणि गेली बारा-पंधरा वर्षे निवडणुकांसाठी प्रचारगीते लिहितो. आजवर कामाची रीत ठरलेली होती: लोकांच्या ओठांवर असलेल्या एखाद्या चालीवर उमेदवाराचे नाव, त्याचे चिन्ह आणि 'प्रचंड मतांनी विजयी करा' हे शब्द बसवून द्यायचे आणि एका दुपारी रेकॉर्डिंग उरकायचे. या वेळी मात्र एका तरुण अपक्ष उमेदवाराने वेगळी मागणी केली आहे. गाण्यात त्याचे नाव एकदाच यावे, कोणावरही टीका नसावी आणि ऐकणाऱ्याला आपल्या वस्तीत खरोखर काही बदलू शकते असे वाटावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

मी तीन मसुदे लिहिले. तिन्हींमध्ये नवी पहाट, उगवता सूर्य आणि 'आम्ही बदल घडवू' आपोआप येऊन बसले. आईला वाचून दाखवले तेव्हा तिने शांतपणे विचारले, "हे कोणत्या पक्षाचं आहे?" ते कोणत्याही पक्षाचे असू शकले असते, हे मला तेव्हा कळले आणि रात्रभर त्याचीच रुखरुख राहिली. शहराच्या दक्षिण टोकाच्या या वस्तीत अजून टँकरने पाणी येते, ड्रम रांगेत लावून बायका तासन्‌तास थांबतात. हे गाण्यात आणले तर ते तक्रारीचे गाणे होते आणि वगळले तर पोकळ होते. आशेचे गाणे कशाच्या बळावर खरे वाटते, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खंजिरी

भाऊ, तुमच्या आईंच्या प्रश्नातच तुमचे उत्तर आहे. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शाहिरी ऐकत मोठे झाले, त्यामुळे या विषयावर घरात पुष्कळ बोलणे होत असे. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले आणि पुढे त्याच शाहिरांचे आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून घुमले. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आठवून पाहा. त्यात पहाट उगवत नाही, मुंबईला पोट भरायला आलेल्या माणसाला गावी राहिलेल्या बायकोची याद छळते. आणि तीच ताटातूट महाराष्ट्रापासून तोडलेल्या मुलखाची होते. श्रोत्याने दुःख ओळखले की पुढची आशा त्याला सांगावी लागत नाही, ती तो स्वतःच धरतो. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर हादरा दिला. त्याचे श्रेय एकट्या गाण्यांना देता येणार नाही, पण त्या गाण्यांशिवाय ती निवडणूक डोळ्यांसमोर आणताही येत नाही.

आता नागपूरकर म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या बदलाची गाणी तिकडे गायली जात होती, त्याच बदलात १ नोव्हेंबर १९५६ पासून नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही. विदर्भात १९५७ साली तसा हादरा बसला नाही आणि १९६२ साली स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरणारे लोकनायक बापूजी अणे नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. एकाचे आशागीत दुसऱ्याच्या कानाला परके वाटू शकते, म्हणून गाणे लिहिण्याआधी ते नेमके कोणाच्या तोंडी शोभेल हे ठरवावे. माझे मत स्पष्ट आहे: टँकर गाण्यात आलाच पाहिजे, तोही पहिल्या कडव्यात.

धरमपेठ वाचक

खंजिरी यांच्या मताचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ रोजी हुकूमशहा पिनोशे यांची सत्ता पुढे चालू ठेवायची की नाही यावर जनमत घेतले गेले. 'नाही' म्हणणाऱ्यांना दूरचित्रवाणीवर रोज रात्री उशिरा केवळ पंधरा मिनिटे मिळत होती आणि हुकूमशाहीतील अत्याचार हाच मुख्य विषय असावा असे त्यांच्यातील अनेकांना वाटत होते. परंतु लोकांना अत्याचार ठाऊकच होते. खरी अडचण होती ती भीती आणि 'मत देऊन काय होणार' हे नैराश्य. म्हणून त्यांनी इंद्रधनुष्याचे चिन्ह घेतले आणि आनंद येतो आहे असे सांगणारे गाणे केले. सुमारे ५६ टक्के वैध मते 'नाही'च्या बाजूने पडली. मात्र त्याच पंधरा मिनिटांत एकदा, ज्यांची माणसे नाहीशी करण्यात आली होती त्या स्त्रिया जोडीने करायचे लोकनृत्य एकट्याने करताना दाखवल्या होत्या. दुःख लपवले नव्हते. फक्त शेवटचा शब्द दुःखाला दिला नव्हता. तुमच्या गाण्यातही टँकर जरूर यावा, पण ध्रुवपदात येऊ नये, असे मला वाटते.

तुम्ही शीर्षकात विचारलेला प्रश्न मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. ओबामा यांनी ८ जानेवारी २००८ रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये जे भाषण केले, त्यावरून पुढील महिन्यात एक गाणे तयार होऊन जगभर पोहोचले. ते भाषण विजयाचे नव्हते, त्या दिवशी ते पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले होते. कदाचित म्हणूनच त्यातील आशा ऐकणाऱ्याला स्वतःची वाटली. त्यातील 'येस वी कॅन' या घोषवाक्यातल्या 'वी' या इंग्रजी सर्वनामात वक्ता आणि श्रोता दोघेही सहज मावतात. मराठीत मात्र आपल्याला निवड करावीच लागते. 'आम्ही बदल घडवू' म्हटले की गाणारे एका बाजूला आणि ड्रम घेऊन उभी असलेली बाई दुसऱ्या बाजूला राहते. तुमचे मसुदे पोकळ वाटण्याचे कारण पहाट नसून हे 'आम्ही' असावे.

बर्डीचा ध्वनिमुद्रक

वीस वर्षे प्रचाराची गाणी ध्वनिमुद्रित करतो आहे, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. 'आपण' लिहिणे सोपे आहे, पण भोंग्यावर ते फसते. एक तर 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' असाही अर्थ होतो, त्यामुळे उमेदवाराच्या गाण्यात 'आपण बदल घडवाल' असे काहीसे ऐकू येते. दुसरे म्हणजे 'ण'वर आवाज मिटतो, सूर लांबवता येत नाही. मराठीत 'आम्ही करू' आणि 'आपण करू' यांचे क्रियापद एकच आहे, तेव्हा सर्वनाम गाळून 'चला' हा शब्द घ्या. 'चला' म्हणताच ऐकणारा त्यात येतो.

प्रचाराचा ऑटो रस्त्याने जातो तेव्हा घरातल्या माणसाला गाण्याचे दहा-पंधरा सेकंदच ऐकू येतात. त्यामुळे पहिल्या कडव्यात दुःख आणि चौथ्या कडव्यात आशा, ही रचना सभेत चालते, गल्लीत नाही. प्रत्येक दोन ओळींत दोन्ही असले पाहिजे.

चालीविषयी एक कळकळीची विनंती. चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवू नका. लग्नाच्या वरातीला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, प्रचारफेरीला ती नाही; आणि जुने गाणे नव्याने गाण्याची जी परवानगी कायदा देतो, तिच्यात मूळ शब्द बदलण्याची मुभा नसते.

खंजिरी

ध्वनिमुद्रकांचे म्हणणे पटले. पहिल्या कडव्याचा माझा आग्रह मी सोडतो. चालीसाठी एक सुचवतो: राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने आपल्याकडे घराघरांत गायली जातात आणि १९४२ साली चिमूरच्या उठावामागे त्याच खंजिरीचा नाद होता, ज्यासाठी इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकले. त्यांचे भजन किंवा त्याची चाल प्रचारात घेऊ नका, ते अनुचित होईल. परंतु एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी उचलायची ही पद्धत तर कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही.

सक्करदऱ्याचा गीतकार

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि या दोन ओळींपासून पुन्हा सुरुवात केली:

टँकरच्या वाटेवर डोळे किती लावायचे,
चला, पाणी आता नळालाच आणायचे.

सर्वनाम कुठेही नाही. दुसरी ओळ समूहाने उचलावी असा विचार आहे आणि तो आवाज स्टुडिओतल्या कोरसचा नसून त्याच वस्तीतल्या बायकांचा असावा असे फार वाटते. रविवारी तिथे जाणार आहे. हा आवाज निवडणुकीच्या प्रचारात वाजेल आणि तो कोणासाठी वाजेल, हे उमेदवाराने त्यांना माझ्यासमोर नीट सांगावे, अशी अट मी घातली आहे. त्यांनी नकार दिला, तर मी आणि माझी भाची मिळून गाऊ.