दरवर्षी शेणखत टाकूनही सेंद्रिय कर्ब ०.४२ वरच, सोयाबीनच्या जमिनीत चुकतंय कुठे?

काळवट_रान (प्रश्न)
जमीन भारी, काळी, थोडी चुनखडीची. सोयाबीनवर हरभरा, हीच फेरपालट. पेरणीआधी हेक्टरी ५ टन शेणखत दरवर्षी पडतं. अहवाल असा: सामू (पीएच) ८.१, क्षारता ०.३२, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थातला कार्बन) ०.४२ टक्के, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ११ किलो, पालाश (पोटॅश) भरपूर. कर्बाचा आकडा जागचा हलत नाही. उलट पेरणीनंतर तीन आठवड्यांत पीक पिवळट पडतं, मुळांवरच्या गाठी विरळ असतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) वेगळीच. शेणखत सोडून कोंबडीखत किंवा गांडूळखताकडे वळावं का? रासायनिक खत किती कमी करता येईल? आणि कर्ब वाढायला नेमकं किती खत लागतं?

मातीमोजणी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बरेचजण याच आकड्यापाशी हात टेकतात. एक हेक्टरचा वरचा १५ सेंमीचा थर म्हणजे ढोबळमानाने २२ लाख किलो माती. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर २,२०० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. ५ टन शेणखतात ४० टक्के ओल धरा, कोरडा भाग उरला ३ टन, त्यात पाव हिस्सा कर्ब म्हणजे ७५० किलो. यातला बहुतेक जिवाणू खातात आणि हवेत सोडतात. पाचवा हिस्सा मागे राहिला तरी दीडशे किलो. नुसता भागाकार केला तरी पंधरा वर्षं येतात, आणि जमिनीतला जुना ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग, दरवर्षी झिजतो तो वेगळाच. त्यामुळे दोन-चार वर्षांत कर्ब हलला नाही म्हणून खत फुकट गेलं असं धरू नका.

खताचा गुण आधी मातीच्या घडणीत दिसतो. शेतातली आणि बांधावरची अशी बोराएवढी वाळलेली ढेकळं वेगवेगळ्या ग्लासात पाण्यात सोडा. पाच मिनिटांत चिखल झाला तर कण बांधणारा डिंक कमी आहे, ढेकूळ टिकलं तर घडण चांगली आहे. सोयाबीनला हे जास्त लागू पडतं, कारण मुळांवरच्या गाठींना नत्र बांधायला ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते. दाबलेल्या, वर पापडी धरलेल्या भारी जमिनीत हवा खेळत नाही आणि गाठी उपाशी राहतात.

नमुना मात्र खत टाकण्याआधीच घ्या, दरवर्षी त्याच हंगामात आणि त्याच खोलीवरून. खत टाकल्यावर घेतलेल्या नमुन्यात त्याची भुकटी चाळणीतून खाली येते आणि कर्ब खोटाच फुगतो.

उकिरडा_ते_शेत
हुमणी आणि विरळ गाठी एकत्र दिसतात तेव्हा पहिला संशय कच्च्या शेणखतावर घ्यायचा. हुमणीचे भुंगेरे कुजणाऱ्या शेणाकडे ओढले जातात, त्यात अंडी घालतात आणि अळ्या खताबरोबर शेतात पोचतात.

खत कुजलंय का हे रंगावर ठरवू नका, वरून काळं दिसणारं खत आत कच्चं निघतं. ढिगाच्या मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला तर आत काम अजून चालू आहे. दुसरी खूण अशी की मूठभर ओलं खत पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवायचं आणि उघडताना वास घ्यायचा. आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर कच्चं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा आला तर तयार. काडी ओळखू येता कामा नये.

कच्च्या खतात, विशेषतः गव्हाण झाडलेलं काड जास्त असेल तर, कर्ब-नत्र गुणोत्तर ३० च्या वर असतं. असं खत कुजवताना जिवाणू जमिनीतलंच उपलब्ध नत्र उचलतात. नेमका तोच काळ सोयाबीनचा असतो, गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात आणि बियातला साठा संपत आलेला असतो. तिसऱ्या आठवड्यातला पिवळेपणा बऱ्याचदा इथून येतो. त्यात पाणी साचलं तर कुजणारं शेण उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं.

पसरणी हाही कळीचा भाग आहे. शेतात छोटे ढीग करून आठवडा-दोन आठवडे उन्हात सोडले की अमोनियाच्या रूपातलं नत्र उडून जातं. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी वखराच्या पाळीने मातीत मिसळा, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी. पुढच्या वर्षासाठी ढीग लावताना थर ओलसर ठेवा आणि महिन्याने एकदा पलटा. ढीग आतून काही दिवस ५५ ते ६० अंशांपर्यंत तापला की तणांचं बी बरंचसं मरतं.

गाठीवाला
वरचं मान्य, पण पिवळेपणा नीट पाहा. जुनी, खालची पानं सगळीच फिकट असतील तर नत्र. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. सामू ८.१ आणि चुनखड म्हटल्यावर दुसरी शक्यता मोठी, आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं) हुकला की ती हमखास दिसते. तेव्हा १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून फवारा.

कोंबडीखताबद्दल जपून. त्यात नत्र साधारण ३ टक्के, म्हणजे अडीच टनात ७५ किलो, आणि ते लवकर सुटतं. सोयाबीनला आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचं टाळतं, पाला माजतो, शेंगा कमी लागतात आणि पीक लोळतं. वापरायचंच तर कुजवलेलं, हेक्टरी एक टनाच्या आत, पेरणीच्या महिनाभर आधी. गांडूळखत चांगलं, अडीच-तीन टन पुरतं, पण कर्ब कमी पडतो. घडण सुधारायची असेल तर शेणखतच जास्त टाका, जमलं तर १० टन.

रासायनिक खत किती कमी करायचं ते अन्नद्रव्यागणिक बदलतं. ५ टन शेणखतात नत्र सुमारे २५ किलो असतं, पण पहिल्या हंगामात त्याचा पाव ते तिसरा भागच हाती लागतो. तरी सोयाबीन आपलं निम्म्याहून अधिक नत्र हवेतून घेतं, म्हणून नत्राची मात्रा थोडी घटवता येते. स्फुरदाला मात्र हात लावू नका. त्या ५ टनात स्फुरद १० ते १२ किलो असतं आणि तुमच्या जमिनीत आधीच तोटा आहे. हेक्टरी ६० किलो स्फुरद द्यायचं तर ३७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट लागतं, गंधकही त्यातूनच मिळतं. ते चाळलेल्या शेणखतात मिसळून द्या, सेंद्रिय आम्लांमुळे चुना त्याला लगेच बांधून टाकत नाही. रॉक फॉस्फेट या सामूला विरघळत नाही, घ्यायचंच तर कंपोस्टच्या ढिगात टाका.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, सगळ्यात शेवटी रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी २५ ग्रॅम प्रति किलो. बी सावलीत सुकवून लगेच पेरा. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास खुरप्याने मातीसकट रोप काढून गाठ कापा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी-हिरवट असेल तर गाठ नावालाच.

काळवट_रान
खालची पानं फिकट, शिरा वेगळ्या दिसत नाहीत. म्हणजे कच्चं खतच. मळणीनंतरचं कुटार (शेंगांची टरफलं-काड्यांचा भुसा) बांधावर पडून असतं, ते वापरता येईल का? आणि खत कमी पडलं तर जीवामृतावर भागेल?

उकिरडा_ते_शेत
जीवामृताचा हिशेब करून पाहा. २०० लिटरमध्ये १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. नत्र अर्धा किलोही भरत नाही. आधीच सेंद्रिय पदार्थ असलेल्या जमिनीत द्यायला हरकत नाही, पण टनांची जागा ते घेऊ शकत नाही.

कुटार मात्र सोडू नका, जाळू तर मुळीच नका. एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू-संवर्धक, थराथराने, मुठीत दाबल्यावर ओल जाणवेल पण पाणी ठिबकणार नाही इतकं भिजवून ढीग लावा. कापणीला झाड उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा, म्हणजे मुळं आणि जुन्या गाठी जमिनीतच राहतील.

मूळकुज होत असेल तर १०० किलो कुजलेल्या शेणखतात अडीच किलो ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळून सावलीत ओलसर, गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस ठेवा आणि शेवटच्या पाळीआधी हेक्टरभर पसरा. कच्च्या शेणात ते घालू नका, ढीग तापला की ट्रायकोडर्मा मरतं.