मदत हवी आहे : अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाविषयी

नमस्कार. माझ्या भाचीला राज्य कोट्यातून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला आहे. १९७४ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाबद्दल आदर असला, तरी नागपूरची मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये एवढेच जवळून पाहिलेल्या आम्हाला बीड जिल्ह्यातील त्या गावाची फारशी माहिती नाही. ऊसतोड मजुरांच्या या भागातील रुग्णालयात बाळंतपण, सर्पदंश, विषबाधा असे रुग्ण वरिष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना कितपत हाताळायला मिळतात, हे तिथे शिकलेल्यांनी कृपया सांगावे. वसतिगृहापेक्षाही मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कुटुंब दत्तक उपक्रमात (विद्यार्थ्यांनी खेड्यातील कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करण्याच्या) खेड्यांतील भेटी नियमित होतात का? नागपूरहून अंबाजोगाईजवळच्या परळी वैजनाथ स्थानकापर्यंत रेल्वेने जाणे सोयीचे की बसने, हेही कळवावे.