टोपी गुलाबी झाली! कपडे खरंच वेगवेगळे धुवायचे असतात का?

मळेवाला, रावेर
राम राम. आमच्या मंडळी धाकटीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्यात, त्यामुळे महिनाभर धुणं माझ्याकडे. मशीन दोन टबांचं, साधं. नळ चौथ्या दिवशी येतो, तोही तासभर.

मंडळींचा नियम असा की पांढरे वेगळे, रंगीत वेगळे आणि केळीच्या मळ्यातले कपडे मशीनला शिवायचेसुद्धा नाहीत, त्यांना मागच्या दगडावर मोगरीचा मार. मी म्हटलं, साबण तोच, मळ तो मळच, कशाला तीन-तीन घाणे? आज दुपारी सगळं एकदम टाकलं. त्यात चैत्रात सप्तशृंगीच्या गडावरून आणलेलं लाल उपरणं होतं, पहिल्यांदाच धुवायला पडलेलं. झाकण उघडलं तर पाणी कुंकवासारखं! खादीची टोपी आणि धोतर गुलाबी झालं. नवल म्हणजे त्याच पाण्यातला माझा टेरिकॉटचा पांढरा सदरा मात्र जवळजवळ जसाच्या तसा निघाला. तो का वाचला?

आठ दिवसांवर भाच्याचं लग्न आहे. टोपी तशीच बादलीत भिजत ठेवली आहे. काय करू? आणि तीन घाण्यांपुरतं पाणीच नसेल तर माणसानं धुवायचं कसं?

सूनबाई, नंदुरबार
काका, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. माझ्या सासूबाई तेच करतात.

धुळेकर ताई
थांबा थांबा, मीठ नको! माझ्या वडिलांचं साड्या रंगवायचं काम होतं. सुती कापडानं रंग नीट ओढून घ्यावा म्हणून ते भांड्यात मूठ-मूठ मीठ टाकायचे. तुम्हाला रंग काढायचा आहे, की बसवायचा आहे?

टोपी आधी त्या गुलाबी पाण्यातून बाहेर काढा. वाळू देऊ नका, वाळली की रंग धरून बसतो. गार पाण्यात साबणानं पुन्हा धुवा. तरी राहिलाच, तर पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात घालून त्यात बुडवा आणि नंतर खळखळून धुवा. धोतराला रंगीत किनार असेल तर त्याला ब्लीच लावू नका, किनारीचा सत्यानाश होईल. रेशमी किंवा लोकरी कापडाला तर चुकूनही नको.

सदऱ्याचं सोपं आहे. टेरिकॉटमध्ये पॉलिस्टर असतं, आणि सुताला चढणारा रंग त्याला सहसा चढत नाही. तुमची खादीची टोपी मात्र निखळ सूत.

अजून एक. दुपारी धुतलंत ना? गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी या दिवसांत चहाला ठेवल्यासारखं येतं, आणि गरम पाण्यात रंग जास्त सुटतो. पुस्तकात 'थंड पाण्यात धुवा' असं लिहितात, त्यांनी आपला वैशाख पाहिलेला नाही. पहाटे सहाला धुवा.

भुसावळचा सडाफटिंग
काका, कशाले एवढा तरास लेतस! मी चार वर्षं सगळं एकत्र धुतोय. आता सगळे कपडे एकाच मातकट रंगाचे झालेत, वेगळं काढायला काही उरलंच नाही.

वहिनी, यावल
पाण्याचं मी सांगते, आमच्याकडेही तीच बोंब. कपड्यांचे ढीग वेगळे करा, पण पाणी एकच ठेवा. दोन टबांच्या मशीनचा हाच फायदा, साबणाचं पाणी सोडून द्यावं लागत नाही. आधी पांढरे फिरवून काढायचे, मग त्याच पाण्यात फिक्या रंगाचे, मग गडद, शेवटी पायपुसणी. साबण पहिल्यांदा टाकायचा, मध्ये चिमूटभर. खळखळण्याचं पाणी मात्र चांगलं घ्या. तेही वाया नाही जात, शेवटचं संडासाला नाहीतर झाडांना.

नवं कापड असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघायचा. चिंधी रंगली की ते दोन-तीन वेळा एकटं धुवायचं. तुमच्या उपरण्याला हे केलं असतं तर ही वेळच आली नसती.

आणि मळ्यातल्या कपड्यांबद्दल मंडळी शंभर टक्के बरोबर आहेत. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी-काळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही. म्हणून तर घड काढायला जाणारी माणसं एकच जुना सदरा वर्षभर वापरतात. ओला चीक दुसऱ्या कपड्याला लागला तर तोही गेला म्हणून समजा.

मळेवाला, रावेर
ताई, टोपी निघाली. उन्हात धरली तर किंचित छटा दिसते, मांडवात कोण बघतंय. धोतराला जांभळी किनार आहे, त्यामुळे ब्लीच नाही लावलं. दोन वेळा साबणानं धुतलं, तरी बिटाचं पाणी सांडल्यासारखंच आहे. ते मळ्यात जाईल आता. वहिनी, आज पहाटे तुमच्या पद्धतीनं धुतलं, एका टबात चार घाणे झाले.

मंडळींना मी यातलं काही बोललो नव्हतो. पण लेकीनं हे सगळं त्यांना फोनवरून वाचून दाखवलं. आता विचारताहेत, माझी मोतिया रंगाची सुती साडी त्यातच होती का?

होती.