पापडम् की ब्रेड!

‘जेवणाच्या गप्पा तासभर काय ऐकायच्या?’ असं विचारलंत म्हणून लिहितेय. ‘ऑफ मेन्यू’चा एक तरी भाग ऐकाच! एड गॅम्बल आणि जेम्स एकॅस्टर हे ब्रिटिश विनोदवीर २०१८ पासून हा पॉडकास्ट करताहेत. काल्पनिक हॉटेलात पाहुण्याने मनातलं जेवण मागायचं, स्टार्टरपासून गोडापर्यंत. एड यजमान, जेम्स वेटर, तोही दिव्यातला जिन!

सुरुवात पाण्यापासून, साधं की सोडा. त्यावर पाहुणा निवांत बोलत असतो आणि जेम्स मध्येच बेंबीच्या देठापासून ओरडतो, ‘पापडम् की ब्रेड?’ हे येणार हे पाठ असूनही मी दर वेळी दचकते आणि पोळी लाटता लाटता खो खो हसत सुटते. आणि गोडाऐवजी कुणी चीज मागितलं की जेम्सचा जो जीव तळमळतो ना, अहाहा! मला तर त्याचं शंभर टक्के पटतं. जेवणाचा शेवट गोडानेच व्हायला हवा.

खरी मजा पुढेच आहे. आवडीचा पदार्थ सांगताना माणूस आजीच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या डब्यात शिरतो आणि नेहमीच्या मुलाखतीत कधी न सांगितलेलं सहज सांगून जातो. पोट भरलेलं असेल तेव्हाच ऐका मात्र!