नांदूरमध्यमेश्वर येथे पायात झेंडी असलेला मालगुजा: नोंद कशी करावी?

प्रश्न
कार्तिक महिन्यात आम्ही काही नाशिककर नांदूरमध्यमेश्वरला, विशेषतः चापडगावच्या बाजूला, नियमितपणे पक्षी पाहतो. या आठवड्यात काळ्या शेपटीच्या मालगुजांच्या (उथळ पाण्यात चरणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्यांच्या) थव्यात एका पक्ष्याच्या पायावर रंगीत झेंडी, म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली अक्षरांची प्लॅस्टिक पट्टी, दिसली. पक्षी पोटापर्यंत पाण्यात चरत असल्यामुळे ती क्षणभरच दिसत होती. अशी नोंद कशी घ्यावी आणि कोणाला कळवावी? तसेच पक्षी पकडून ओळखीसाठी त्यांच्या पायात कडी घालण्याचे काम आमच्यासारख्या स्थानिक गटाला सुरू करता येईल का?

उत्तर १
सर्वप्रथम झेंडी कोणत्या पायात आहे हे पक्ष्याच्या बाजूने ठरवावे. तो आपल्याकडे तोंड करून उभा असेल, तर आपल्या उजवीकडचा पाय त्याचा डावा असतो. आपल्याला गुडघा वाटणारा सांधा प्रत्यक्षात घोटा असतो. झेंडी त्या सांध्याच्या वर आहे की खाली, एकाहून अधिक झेंड्या असल्यास वरून खाली रंगांचा क्रम काय आहे आणि दुसऱ्या पायात धातूचे कडे आहे का, हे तपशील त्याच जागी लिहून ठेवावेत, कारण पक्षी कोणत्या प्रदेशात पकडला गेला हे पुष्कळदा रंगांच्या क्रमावरूनच कळते. प्लॅस्टिकचा रंग उन्हाने फिका पडतो आणि मंद प्रकाशात हिरवा व निळा यांत गल्लत होते. म्हणून शंका असेल तर ती शंका म्हणूनच नोंदवावी. अक्षरे वाचण्यासाठी थव्याच्या जवळ जाऊ नये. मालगुजा चरता चरता उथळ भागात येतो, तोवर दुर्बिणीसह काठावर थांबणे हाच योग्य मार्ग आहे. नोंद छायाचित्र, तारीख आणि नेमक्या जागेसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवावी.

उत्तर २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय वन्य पक्षी पकडता येत नाही, आणि नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जाळ्यातून पक्षी इजा न होता सोडवणे, पायाच्या जाडीप्रमाणे कड्याचे माप निवडणे आणि पक्षी थकण्याआधी मोजमाप संपवणे ही कौशल्ये अनुभवी व्यक्तीच्या हाताखालीच शिकावी लागतात. वरील संस्थेने हे काम भारतात १९२७ पासून केले आहे. शिकण्याची इच्छा असल्यास तिच्या शिबिरांची चौकशी करावी. मात्र कडे घालणारे हात थोडे आणि ते पुन्हा पाहणारे डोळे त्याहूनही थोडे असल्यामुळे तुमच्या गटाची खरी गरज पाहण्याच्या कामात आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३
एक महत्त्वाची भर घालतो. ज्यांचे दोन्ही पाय स्पष्ट दिसले असे एकूण पक्षी किती होते, हेही लिहा. केवळ झेंडीवाल्या पक्ष्याची नोंद त्याच्या प्रवासाविषयी सांगते. पण तपासलेल्या पक्ष्यांत झेंडीवाले किती, हे प्रमाण मिळाले तर अभ्यासकांना संपूर्ण समूहाच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. झेंडी एकही न दिसलेल्या दिवसाची नोंदही तितकीच मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. झेंडी उजव्या पायात, सांध्याच्या वर होती. रंग पिवळा वाटला, पण सायंकाळच्या उन्हामुळे खात्री देता येत नाही. अक्षरे वाचता आली नाहीत. एवढेच आज कळवतो आणि पुढील फेरीपासून तपासलेल्या पायांची संख्याही वहीत घेऊ.