मनीतून ग्नूकॅशमध्ये २० वर्षांचे हिशेब: पीपीएफ दुप्पट दिसतोय, मदत हवी आहे

पोफळवाला:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो. २००५ पासून घरचा जमाखर्च मायक्रोसॉफ्ट मनीत लिहितोय. कंपनीने २००९ साली मनी विकणं थांबवलं, मग फुकटची सनसेट आवृत्ती आली, तिच्यावर आजवर निभावलं. पण ती ज्या डेस्कटॉपवर आहे तो यंदाच्या पावसात दोनदा मान टाकून बसला. लेक म्हणाली, बाबा, आता तरी हलवा. म्हणून ग्नूकॅश हे हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं.

मनीतून एकेका खात्याची क्यूआयएफ (एका सॉफ्टवेअरमधले हिशेब दुसऱ्यात न्यायची) फाईल काढली. सात खाती, सात फाईली. रोज संध्याकाळी एक, अशा आठवडाभरात ग्नूकॅशमध्ये घातल्या. शेवटी बघतो तर पीपीएफची शिल्लक पासबुकाच्या जवळजवळ दुप्पट! क्रेडिट कार्डाचंही तेच. बचत खातं तर इतकं उणे की जणू मी २० वर्षं उधारीवरच नुस्तें (मासळी) खाल्लं.

दुसरं दुखणं तारखांचं. मनीत नसलेल्या एका नव्या खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून घेतलं. त्यात नोव्हेंबरमधलं विजेचं बिल मे महिन्यात जाऊन बसलंय.

तिसरा प्रश्न आपल्या गोव्याचा. आम्हां नवराबायकोला आयकराच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ५अ लागू, म्हणजे पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. मनीत मी व्याजाची प्रत्येक नोंद फोडून दोन खात्यांत टाकायचो. ग्नूकॅशमध्येही तेच करू का?

की हे सगळं सोडून १ एप्रिलची शिल्लक टाकून नवी वही सुरू करू? बायकोचं मत तेच आहे. माझा जीव होत नाही.

जमाखर्च:
पोफळवाला बाब, पीपीएफचं कारण तुमच्याच लिहिण्यात आहे: रोज एक फाईल.

बचत खात्यातून पीपीएफमध्ये भरलेले पैसे दोन्ही फाईलींत असतात. क्यूआयएफ नोटपॅडमध्ये उघडा. एल अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत नुसता शब्द असेल तर तो खर्चाचा प्रकार, चौकोनी कंसात असेल तर ते दुसरं खातं. बचतीची फाईल घातली तेव्हाच पीपीएफमध्ये रक्कम जमा झाली, आणि पीपीएफची फाईल घातली तेव्हा पुन्हा. सातही फाईली एकाच बैठकीत द्या, आयात करताना 'आणखी फाईल घ्या' असा पर्याय येतो. मग दोन्हीकडच्या नोंदी जुळवून ग्नूकॅश एकच ठेवतो.

एक काळजी घ्या. प्रत्येक फाईलीला तो खात्याचं नाव विचारतो. ते कंसातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. कंसात नुसतं पीपीएफ आणि तुम्ही लिहिलंत पीपीएफ पोस्ट, की झाली दोन वेगळी खाती.

आधीच असलेल्या नोंदींशी मिळतीजुळती नोंद आली तर त्याचंही एक पान येतं. ते तुम्हाला आलंच असणार.

पोफळवाला:
आलं होतं. न वाचता पुढे पुढे करत गेलो. खात्यांची नावं मनीत रोमीत आहेत, ती आधीच देवनागरी करून घेऊ का?

जमाखर्च:
मुळीच नको, कंसातली नावं फसतील. आयात झाल्यावर ग्नूकॅशमध्ये बदला. खात्याचं नाव एकदा बदललं की सगळ्या जुन्या नोंदींत आपोआप बदलतं. आणि आताची फाईल दुरुस्त करत बसू नका, कोरी घ्या.

माटोळी:
तारखांचं मी सांगते. १२ तारखेपर्यंतच्याच नोंदी उलट्या झाल्यात का? ते सीएसव्ही मध्ये कधी स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केलंत ना? कॉम्प्युटरची तारीख अमेरिकी पद्धतीवर असली की ०५/११ चा ११ मे होतो आणि २५/११ ला हातही लागत नाही, कारण २५वा महिनाच नसतो. बँकेची मूळ फाईल पुन्हा उतरवा, न उघडता थेट ग्नूकॅशला द्या आणि तिथे दिवस-महिना-वर्ष निवडा.

५अ साठी नोंदी फोडू नका हो! मीही दोन वर्षं तो उद्योग केला. बँकेत व्याज ८,००० जमा झालं तर ८,००० च लिहा, नाहीतर स्टेटमेंटशी ताळा कसा घालणार? उत्पन्नाखाली एक मुख्य खातं करा, 'निम्मं होणारं', आणि व्याज, भाडं, लाभांश त्याच्या पोटात. पगार बाहेर. मार्चअखेर अहवालात एकच बेरीज मिळते, ती विवरणपत्र भरताना अर्धी करायची. कापलेला टीडीएसही तसाच वाटला जातो, त्यालाही वेगळं खातं ठेवा. कुळागर असेल तर सुपारी-नारळाचं शेतीउत्पन्न यात मिसळू नका.

राहता राहिला तुमचा जीव. २००९ साली पोदेराला (पाववाल्याला) किती दिले हे ग्नूकॅशला कळून काय उपयोग? पण म्युच्युअल फंड आणि घर यांचा इतिहास न्याच. इक्विटी फंडाची ३१ जानेवारी २०१८ पूर्वीची खरेदी असेल तर विकताना त्या दिवसाचा भाव आणि मूळ खरेदी, दोन्ही लागतात. कौलं काढून स्लॅब घातला असेल तर तो खर्चही घर विकताना खरेदीच्या किमतीत धरता येतो, बिलं असली तर. बाकी १ एप्रिलची शिल्लक पुरे. बाईंचं बरोबर आहे.

जमाखर्च:
इथे मात्र मी पोफळवाला बाबांच्या बाजूने. फाईली काढून तयारच आहेत, मग सगळंच जाऊ दे की. फक्त फंड क्यूआयएफने नेऊ नका. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून एकत्रित स्टेटमेंट मागवून त्यावरून हाताने भरा. युनिटं तीन दशांशांपर्यंत असतात, तेव्हा फंडाची नोंद करताना अपूर्णांक किती ते आधी ठरवा.

पोफळवाला:
काल रात्री कोरी फाईल घेऊन सातही एकदम घातल्या. पीपीएफ पासबुकाशी पैशापर्यंत जुळला! कार्डही जुळलं. विजेचं बिल नोव्हेंबरात परतलं.

रोखीत २०११ च्या चवथीच्या आठवड्यात ३४० रुपये कमी येतात. जुनं मनी उघडून बघितलं, तिथेही कमीच होते. बायको म्हणते गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानात गेले असतील. तसंच लिहून टाकलं.

फंडांना रविवारी बसतो.