मॅन्युअलमध्ये अर्धं पान कोरं: शिस्त की उधळपट्टी?

ऐरोलीकर_ताई: ऑफिसात मशीनच्या मॅन्युअलवरून जुंपली आहे. माझं मत, एक काम एकाच पानावर. पायऱ्या ७ आणि खाली जागा ४ चीच, तर सगळ्याच पुढच्या पानावर न्यायच्या. राहिना का कोरं. साहेब म्हणतात, फुकटची छपाई. तुमच्याकडे काय करता?

वागळे_इस्टेट: साहेबांच्या बाजूने. मधोमध पिन मारायची तर पानं ४ च्या पटीतच लागतात. तुमचं एक पान वाढलं की आमची चार वाढतात. आम्ही दोन कॉलम, अक्षर बारीक ८ पॉइंट, १६ पानांत विषय संपवतो.

रबाळे_मेंटेनन्स: ८ पॉइंट? या एकदा रात्रपाळीला, बॅटरी दातात धरून वाचून दाखवा! आमच्या एका कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलात पानाच्या तळाशी पायरी ४, ‘कव्हर काढा’. पान उलटलं की वर ठळक अक्षरात, ‘त्यापूर्वी मेन सप्लाय बंद करा’. हात ग्रीसने माखलेले असताना कोण आधी पान उलटून बघतं?

वागळे_इस्टेट: दादा, हा लिहिणाऱ्याचा गाढवपणा. इशारा पायरी ४ च्या आधीच हवा होता. त्याचं खापर मांडणीवर कशाला?

ऐरोलीकर_ताई: आधी हवा, हे बरोबर. पण आधी लिहूनही तो मागच्या पानावर राहिला तर? इशारा आणि कृती एकत्र ठेवणं हे मांडणीचंच काम.

महापे_डॉक्स: कागदच कशाला? क्यूआर कोड द्या, मोबाइलवर वाचतील. दोन कॉलमची पीडीएफ तिथे नुसता छळ, सारखं वर-खाली.

रबाळे_मेंटेनन्स: केमिकल प्लांटमध्ये मोबाइल गेटवरच जमा होतो, साहेब.

तुर्भे_छपाई: समासाचं कुणी बोलतच नाही. दोन भोकांच्या फाइलचं माप ठरलेलं आहे, आयएसओ ८३८: भोकाचा मध्य कडेपासून १२ मिमी, दोन भोकांत ८० मिमी. लोक १० मिमी समास ठेवतात आणि टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, पहिलाच आकडा भोकात जातो. पाठपोट छापताना मागच्या पानाचा रुंद समास उजवीकडे हवा, तेही विसरतात. निदान २० मिमी सोडा, मग कोऱ्या जागेवर भांडा.

वागळे_इस्टेट: समास मान्य. पण ताई, अलार्म कोडचा तक्ता तीन पानं चालतो. तो कसा बसवणार एका पानावर?

ऐरोलीकर_ताई: तो नाही बसवायचा, तुटू द्यायचा. फक्त मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर परत यावी आणि एका कोडची ओळ मधेच फुटू नये. वर्डमध्ये दोन्हीची सोय आहे. पायऱ्यांचं मात्र मी सोडणार नाही.